पोट शिवताना मागितलेले दुसरे औषध

तुम्ही विचारलेत म्हणून एकदाचे लिहितो. पहिल्या रिलॅक्संटचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा, अंमल उतरत आला आहे, पोट शिवायला आणखी दहा-पंधरा मिनिटे हवी आहेत, मग तेवढ्यापुरते कमी वेळ टिकणारे दुसरे रिलॅक्संट द्यायला भूलतज्ज्ञाचे काय जाते, असे सर्जन मित्र नेहमी विचारतात आणि आता निवासी डॉक्टरही विचारू लागले आहेत.

माझे काही जात नाही. मात्र शेवटी दिलेले औषध स्वतःच्याच वेळेने उतरते, हे तुमचे गृहीत चुकीचे आहे. स्नायूवरचे, नसेचा संदेश घेणारे सुमारे तीन चतुर्थांश रिसेप्टर औषधाने अडवले जाईपर्यंत आकुंचनात फरकच दिसत नाही, हे पेटन आणि वॉड यांनी १९६७ मध्ये मांजरांच्या स्नायूंवर दाखवले. म्हणजे पोट तुमच्या हाताला घट्ट लागू लागते तेव्हाही बहुतेक रिसेप्टरांवर पहिलेच औषध बसलेले असते. नवी मात्रा थोड्या मोकळ्या जागा भरते आणि उतार पुन्हा पहिल्याच्या गतीने होतो. जास्त टिकणाऱ्या पॅनक्युरोनियमवर दिलेले कमी टिकणारे ॲट्राक्युरियम पॅनक्युरोनियमसारखेच लांबते.

मी निवासी डॉक्टर असताना, आतड्याच्या एका लांबलेल्या शस्त्रक्रियेच्या अखेरीस, सर्जनच्या आग्रहावरून वरिष्ठांनी नेमके हेच दिले. नसेला विजेचे हलके झटके देऊन रिलॅक्संटचा अंमल किती उरला ते दाखवणारा नर्व्ह स्टिम्युलेटर तेव्हा आमच्याकडे नव्हता. टाके झाले, रिलॅक्संटचा अंमल उतरवणारे निओस्टिग्मिन दिले, बाईंनी डोळे उघडले आणि त्यापलीकडे काही होईना. मान उचलायला सांगितले की कपाळावर आठ्या पडत, मान जागची हलत नसे. श्वास उथळ होता. निओस्टिग्मिनची पूर्ण मात्रा दिल्यावर आणखी देऊन उपयोग नसतो, म्हणून झोपेचे औषध देऊन श्वासनलिकेतली ट्यूब तशीच ठेवली आणि संध्याकाळपर्यंत मी व्हेंटिलेटरपाशी बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "डॉक्टर, मी हात हलवत होते, तुम्हाला दिसत नव्हता का?" हात हललाच नव्हता. आमचे आपापसातले बोलणे मात्र त्यांनी सगळे ऐकले होते आणि त्यातले बरेचसे त्यांच्या कानावर पडायला नको होते.

एका केसवरून नियम करतो, असे तुम्ही म्हणाल. त्या बाईंचे अंग थंड पडले होते, लघवी कमी होत होती, आणि पॅनक्युरोनियम मुख्यतः मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. एकट्या पॅनक्युरोनियमनेही तेच झाले असते, हे मी नाकारू शकत नाही. वरिष्ठांना दोष देणेही मला आजवर जमलेले नाही.

शिवाय दोन रिलॅक्संट मीही देतोच: ट्यूब घालण्यासाठी स्कोलिन, मग ॲट्राक्युरियम. तेथे कमी टिकणारे आधी येते आणि त्याचा अंमल उतरल्यावरच मी पुढचे देतो. तरुणपणी तर दोन वेगळ्या कुळांतली रिलॅक्संट एकत्र दिल्यास परिणाम बेरजेहून अधिक होतो, म्हणून मात्रा वाचवावी, असे मी तावातावाने मांडत असे. त्यातले शास्त्र आजही खोटे नाही. पण अंमल उतरवणारे सुगामाडेक्स हे औषध रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम या रिलॅक्संटना पकडते, ॲट्राक्युरियमला नाही. मिश्रण केले की तो मार्ग अर्धा बंद होतो, याचे उत्तर त्या तरुणाकडे नसते.

म्हणून तुम्ही मागता तेव्हा मी आधी स्टिम्युलेटर पाहतो, भूल खोल करतो, आणि तुम्हाला ती टाळाटाळ वाटते. पोट मिटतच नसेल तर उद्या दुसरे औषध देईनही, पण मग स्टिम्युलेटरच्या चार झटक्यांपैकी चौथ्याच्या प्रतिसादाचे पहिल्याशी गुणोत्तर ०.९ होईपर्यंत ट्यूब निघणार नाही आणि तोवर तुमची पुढच्या शस्त्रक्रियांची यादी थांबेल.