दिवट्या कुठे राहिला

रविवार, रात्रीचे साडेबारा

"ताई, दिवट्या आहे ना गं अजून आपल्याबरोबर?" आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डाइस, म्हणजे फासे, टाकत गोष्ट घडवायचा खेळ) टेबलावर धाकटीने डाइस डब्यात भरता भरता सहज विचारलं. दिवट्या म्हणजे गोष्टीत खेळाडूंच्या पात्रांबरोबर चालणारा मशालवाला; मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी, त्यामुळे त्याला चालवायचे मीच. मी "आहे की" म्हटलं आणि विषय तिथेच संपला. पण घरी आल्यापासून तेच वाक्य डोक्यात आहे. झोप येईना म्हणून शेवटी त्याचं कार्ड शोधून काढलं.

अर्ध्या पोस्टकार्डाएवढं ते कार्ड. वर पेन्सिलीने 'कोबोल्ड, आर्मर क्लास १२'. कोबोल्ड म्हणजे सरड्यासारखा बुटका प्राणी, आर्मर क्लास म्हणजे त्याला वार लागणं किती अवघड. त्याखाली हिट पॉइंट (किती मार सोसेल): ५ खोडून ८, ८ खोडून ११, ११ खोडून १४. त्याखाली मशालींच्या दहा चौकटी. त्यातल्या चारच भरलेल्या आहेत, म्हणजे चारच मशाली जळाल्या, आणि चौथीपुढे बारीक अक्षरात 'तुटका पूल'. बस. पुढे काहीच नाही.

त्या पुलानंतर तीन सेशन (खेळाच्या बैठका) झाली, तिन्ही जमिनीखाली. मशाल जळते एक तास. २० फूट लख्ख उजेड, पुढचे २० फूट अंधूक. खेळाडूंच्या पात्रांपैकी बार्ड (गवई) आणि फायटर (लढवय्या) दोघेही माणसं, त्यांना काळोखात ओ की ठो दिसत नाही. आणि मी त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवली, पायऱ्यांवरचं रक्त दाखवलं, त्या म्हाताऱ्याचे डोळेसुद्धा. कुणाच्या उजेडात?

मी विसरले त्याला. टेबलावर पाचजणं होती, तीही विसरली, पण माझं विसरणं वेगळं. नाव मी ठेवलं होतं, आवाज माझा होता.

आधी वाटलं होतं की चूक आकड्यांत असणार. आकडे पुन्हा तपासले, ते ठीक आहेत. २०२० मधल्या साइडकिकच्या (सोबती पात्राच्या) नियमांनुसार चॅलेंज रेटिंग (प्राणी किती भारी ते सांगणारा आकडा) १/२ किंवा त्याहून खालचा प्राणी घ्यायचा आणि त्याला एक्स्पर्ट, स्पेलकास्टर, वॉरिअर यांपैकी एक क्लास (पेशा) द्यायचा. लेव्हल पार्टीच्या (खेळाडूंच्या पात्रांच्या गटाच्या) सरासरीएवढी. कोबोल्डचं रेटिंग १/८, म्हणजे चालतो. हिट पॉइंट वाढतात दर लेव्हलला एक डी६ (सहा बाजूंचा फासा) टाकून. त्याचं कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) ९ असल्याने त्यातून १ वजा. डी६ चे सरासरी ४ धरले तर दर वेळी ३ वाढतात. पाचव्या लेव्हलला १७ होतील. फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र ८डी६ चा (आठ फाशांची बेरीज), सरासरी २८, सेव्ह (बचावाचा फासा) जमला तर १४. म्हणजे सेव्ह जमला तर जगतो, हुकला तर पडतो. लेव्हल न वाढवता मूळ ५ वरच ठेवला असता तर सेव्ह जमूनही मेला असता. सोबतचं पात्र पहिल्या मोठ्या स्फोटात जातं ते बहुतेक वेळा ह्यामुळेच.

तो मेला असता तर निदान कुणी रडलं तरी असतं.

चूक होती ती कार्ड कुणाकडे असावं ह्यात. ते माझ्या पडद्यामागे होतं. माझ्याकडे चार गॉब्लिन, एक सापळा, दोन खोटं बोलणाऱ्या बायका आणि वाढता पूर. त्या ढिगात पहिलं हातातून काय सुटणार, तर जो आपल्याच बाजूचा आहे तो. शत्रूला विसरलं तर खेळाडू आठवण करून देतात, सोबत्याला विसरलं तर कुणाचंच काही अडत नाही. शिवाय मला कायम धास्ती की डीएमचं लाडकं पात्र खेळाडूंच्या पुढे पुढे करेल. असं पात्र पाहिलेल्या टेबलावर मी पुन्हा गेले नाही. म्हणून दिवट्याला मी मुद्दाम गप्प ठेवलं. इतकं गप्प, की…

मी विसरले त्याला.

कार्ड खेळाडूकडे द्यायला हवं, दर सेशनला वेगळ्या. लढाईत चालवायचं खेळाडूने, बोलायचं मी. त्याचं इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळीचा क्रम) वेगळं काढायचंच नाही. कार्ड ज्याच्याकडे, त्याच्या पाळीच्या लगेच नंतर हा. नुकसानाचे डाइसही टाकायचे नाहीत. खंजिराचे १डी४+२ (चार बाजूंचा एक फासा अधिक २) म्हणजे सरासरी धरून सरळ ४. एवढ्याने त्याची पाळी पाच श्वासांत उरकते आणि कुणी मोबाइल उचलत नाही. एक्स्पर्ट असल्यामुळे पहिल्या लेव्हलपासूनच त्याला बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) मदत करता येते, म्हणजे कुणाच्या तरी वाराला ॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा). पण मदत करणारा शत्रूपासून ५ फुटांच्या आत असावा लागतो, हे टेबलावर हमखास निसटतं आणि सोबती मागे सुरक्षित उभा राहून फुकटची मदत वाटत बसतो. जवळ जायलाच लावलं पाहिजे. जवळ गेला की त्याला लागतं, आणि लागलं की सगळ्यांचं लक्ष जातं.

आणि त्याला असं एक काम हवं जे दुसऱ्या कुणालाच येत नाही. मशाल धरणं हे तसं काम नव्हतंच. एल्फला साठ फूट काळोखात दिसतं, विझार्डकडे लाइट हा उजेडाचा मंत्र आहे, फुकटचा. मी त्याला हौसेने असं काम दिलं होतं ज्याची कुणालाच गरज नव्हती. त्याला स्वतःला तर नाहीच, कोबोल्डला काळोखात दिसतं. तो मशाल धरायचा तो फक्त दुसऱ्यांसाठी.

हे लिहिताना घशाशी आलं. उगाच.

कंदिलाचं होमब्रू (माझे स्वतःचे रचलेले नियम) गेल्या पावसाळ्यापासून वहीत पडून आहे, ते त्याच्यासाठीच होतं. पहिल्या रूपात कुणीही खोटं बोललं की ज्योत निळी व्हायची. दिसायला फार गोड, टेबलावर घातक. झोन ऑफ ट्रुथ हे खोटं बोलू न देणारं दुसऱ्या लेव्हलचं स्पेल (मंत्र), दहा मिनिटं टिकतं, १५ फुटांच्या त्रिज्येत चालतं आणि त्यातही समोरच्याला सेव्ह मिळतो. माझा कंदील तेच काम फुकट, दिवसभर, सेव्हशिवाय करणार. एका संध्याकाळीच सगळी रहस्यं संपली असती.

मग उलटं केलं. कंदील हातात असलेला खोटं बोलला की ज्योत खाली जाते: २० फुटांवरून १०, १० वरून ५, मग विझते. पहाटे परत पूर्ववत. खोटं बोलायला उजेड खर्चावा लागतो, हे मला आवडलं. पण त्यातही भोक होतं. खेळाडू त्याला म्हणायला लावणार, "बोल, दारामागे सापळा नाही," आणि ज्योतीकडे बघत बसणार. आज ते बुजवलं: बोलणाऱ्याला स्वतःला ठाऊक असेल की हे खोटं आहे, तरच ज्योत खाली जाईल. आता कंदिलाला जगाचं काही कळत नाही, धरणाऱ्याच्या मनातलं तेवढं कळतं. म्हणजे "मी घाबरलेलो नाही" असं दिवट्या म्हणाला की बोगदा काळोखात जाणार आणि सगळे त्याच्याकडे वळून बघणार. त्याला मी बोलकं करायची गरजच नाही. सेशनला तीन वाक्यं पुरतील.

पण हा कंदील द्यायला तो हवा ना.

वाटलं, पुढच्या रविवारी गुपचूप परत आणावा. "तो मागून चालतच होता" म्हटलं की झालं, सगळे मान्य करतील. पण चौकटी खोटं बोलत नाहीत. चार भरल्या, सहा रिकाम्या. जिथे खुणा थांबल्या तिथे तो थांबला. पूल तुटला तेव्हा सगळ्यांनी उड्या मारल्या, आणि त्याची उडी मी टाकलीच नव्हती. म्हणजे तो पुलाच्या अलीकडेच राहिला. हे एकदा कबूल केल्यावर मघाची टोचणी थोडी निवली. विसरले ते विसरले, आता ते गोष्टीत घडलंय. धाकटीला तसंच सांगेन, पूर्ण टेबलासमोर.

राहिला प्रश्न तो अजून तिथे आहे की गेला. हे मी ठरवणं बरोबर नाही. ह्याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक नियमांत सोबत्यांना मोराल (धीराचा आकडा) असे: दोन डी६ टाकायचे, बेरीज मोरालपेक्षा जास्त आली तर तो पळाला. मोराल ठरायचं मालकाच्या करिश्म्यावरून (माणसावर छाप पाडण्याच्या आकड्यावरून). त्याला कामावर ठेवलं होतं बार्डने, बार्डचा करिश्मा १६, म्हणजे मोराल ९. छत्तीसपैकी तीस वेळा तो राहतो.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टाकले, आवाज होऊ नये म्हणून पुसणं अंथरून. पाच. दुसरा पिठाच्या डब्याला लागून फिरत राहिला. चार.

नऊ. राहिला.

कार्डावर लिहिलं: 'पुलाच्या अलीकडे. मशाली ६. एकही पेटवलेली नाही.'