लिथुआनियन उच्चारांची प्रगती-नोंद: लेखनात न दिसणारा आघात

लिथुआनियनच्या 32 अक्षरांचे उच्चार आता बऱ्यापैकी जिभेवर बसले असल्यामुळे अभ्यासाचा सगळा वेळ मी आघाताकडे, म्हणजे शब्दात जोर कुठे पडतो याकडे, वळवला आहे. अक्षरांसाठी मराठी माणसाला फार कष्ट पडत नाहीत. ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांत आपण एकाच च ने भागवतो, तर तिथे त्या दोन ध्वनींना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. ज्या चार स्वराक्षरांना खाली शेपटी असते, त्यांतील जुना अनुनासिक प्रमाण उच्चारातून केव्हाच गेला असून आता तिथे केवळ दीर्घ स्वर उरला आहे. मराठीने 1962 च्या लेखननियमांत अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, लिथुआनियनने मात्र शेपटी ठेवली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मला तेच सोयीचे वाटते, कारण तिच्यामुळे दीर्घत्व समजते आणि अनेकदा द्वितीया एकवचनही ओळखता येते.

इतक्या काटेकोर लेखनात आघाताची खूण मात्र नसते. ती शब्दकोशात आणि पाठ्यपुस्तकांत भेटते. डावी तिरकी रेघ ऱ्हस्व आघातयुक्त अवयवावर (अवयव म्हणजे शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, सिलॅबल) येते. दीर्घ अवयवावर उजवी तिरकी रेघ असेल तर जोर सुरुवातीला पडून आवाज उतरतो, आणि नागमोडी रेघ असेल तर जोर शेवटाकडे सरकतो. ‘शाउक’ या आज्ञार्थात जोर ‘आ’वर असेल तर अर्थ ‘गोळी झाड’ असा होतो, ‘उ’कडे असेल तर ‘ओरड’ असा. संयुक्त स्वरांतला हा भेद मला आता ऐकू येतो. एकेरी दीर्घ स्वरांतला भेद पुष्कळदा निसटतो, परंतु आजच्या बोलण्यात तो तिथे मुळातच क्षीण झाला असल्याने मी त्यावर अडून बसलेलो नाही.

खरी मेहनत नामांच्या चार आघात-गटांवर चालू आहे; विभक्तीनुसार आघात मुळावर राहतो की प्रत्ययावर जातो, यावरून हे गट पडतात. पूर्ण रूपावली घोकण्याऐवजी मी प्रत्येक नामाची चतुर्थी आणि द्वितीया अनेकवचने तेवढी पाठ करतो, कारण तेवढ्यावरून गट ठरतो. ‘लिएपा’ म्हणजे लिंडनचे झाड. या पहिल्या गटातील नामात दोन्ही रूपांचा आघात मुळावरच राहतो. ‘रंका’ म्हणजे हात. चतुर्थीत ‘रंकोम्स’चा आघात मुळावर, तर द्वितीयेत ‘रंकास’चा प्रत्ययावर, म्हणून तो दुसरा गट. ‘गल्वा’ म्हणजे डोके. तिथे नेमके उलट घडते, म्हणून तो तिसरा. हिवाळ्याच्या ‘झिएमा’मध्ये दोन्ही आघात प्रत्ययावर जातात आणि चौथा गट पुरा होतो.

ही विभागणी मनमानी वाटते, पण तिच्यामागे स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर याने 1896 मध्ये मांडलेला नियम आहे. मुळाचा स्वर ऱ्हस्व किंवा नागमोडी खुणेचा असेल आणि पुढचा प्रत्यय मूळचा उतरत्या आघाताचा असेल, तर तो प्रत्यय आघात स्वतःकडे ओढून घेतो. ‘रंकास’मध्ये असे ओढले जाणे घडते, ‘लिएपा’चे मूळच उतरत्या आघाताचे असल्याने तिथे ते घडत नाही. हे ध्यानात आल्यापासून पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा अशा जोड्या मला एकाच यंत्रणेच्या दोन बाजू वाटू लागल्या आणि पाठांतर निम्म्याने हलके झाले.

वैदिक स्वरांची ओळख असलेल्यांना एक उदाहरण आवडेल. पुत्रवाचक ‘सूनुस’चा प्रथमेतील आघात वैदिक ‘सूनुः’प्रमाणेच अंत्य अवयवावर आहे. द्वितीयेत मात्र संस्कृतचा उदात्त, म्हणजे उंच स्वर, जागचा हलत नाही आणि लिथुआनियनचा आघात मुळावर उडी मारतो, म्हणून संस्कृतच्या भरवशावर लिथुआनियन आघात ठरवू नयेत.

पुढचा टप्पा क्रियापदांचा आहे. ‘वेदा’, म्हणजे ‘तो नेतो’, यात आघात मुळावर असतो, पण नकारार्थी ‘नेवेदा’ होताच तो ‘ने’ या उपसर्गावर येतो. असे कोणत्या क्रियापदांत घडते आणि कोणत्यांत नाही, याची यादी करायला मी सुरुवात केली आहे.