तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाला माझ्या शाळेत का घातलं नाही

"तुझी शाळा एवढी चांगली, मग मुलाला तिथे का नाही घातलंस?" नातेवाईक विचारतात, ऑफिसात विचारतात, आणि सगळ्यांत जास्त शाळेतलेच मित्र विचारतात. आजवर मी 'लांब पडते' असं सांगत आलो. ते खरं नाही.

शाळा ख्रिस्ती फादरांची, पण धर्माचा संबंध नाही, हे आधीच सांगतो. ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जायची, आम्ही मॉरल सायन्सला बसायचो, फरक तेवढाच. 1982च्या गिरणी संपात वडिलांचा पगार थांबला, तेव्हा फादरांनी माझी फी माफ केली. व्हायोलिनचे सर गोव्याचे, गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गायला, शिकून मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलेले. कागदावरचे सूर तोंडाने म्हणता येईपर्यंत हातात गज देत नसत. इतकं शिस्तशीर शिक्षण मला आमच्या चाळीत कुठून मिळणार होतं?

माझ्या बाकावर वसईचा एक मुलगा होता. घरी केळीची वाडी, वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. तो शाळेच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोट्या ट्रंपेटसारखं वाद्य, वाजवायचा आणि शाळेच्या हॉकी संघाचा गोलकीपर होता. तो घरी कादोडी, ही वसईकडची बोली, बोलायचा, मी कोकणातली मराठी. वर्गात मराठी बोललं की दंड, म्हणून आम्ही कुजबुजायचो. पहाटेची लोकल, मग प्रॅक्टिस, मग वर्ग. गणिताच्या तासाला त्याचे डोळे मिटायचे.

फेब्रुवारी 1988, नववीची चाचणी. माझा पेपर मीच त्याच्याकडे सरकवला. दोघांच्या उत्तरांत सारखीच चूक निघाली. मला एकट्याला बोलावलं. ऑफिसबाहेरच्या बाकावर मी बसलो होतो आणि दोन शिपाई वर्तमानपत्र उघडून 664 धावांच्या भागीदारीबद्दल बोलत होते. आझाद मैदानावर शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या सचिन आणि कांबळीने सेंट झेवियर्सच्या गोलंदाजांना दमवलं होतं. तो आकडा कुठेही दिसला की मला तो बाक आठवतो.

फादरांनी शांतपणे विचारलं, "त्याने तुझं बघून लिहिलं?" मी "हो" म्हणालो. पेपर मी सरकवला होता, हे मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं बोललास म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला संघातून आणि बँडमधून काढलं. कॉर्नेट शाळेचं होतं. त्याने ते पुसून, पेटीत ठेवून परत केलं. जूनमध्ये तो आला नाही.

चौदा वर्षांच्या मला मी कितीदा विचारलं, उरलेलं अर्धं का नाही सांगितलंस? तो म्हणतो, फी माफ असलेल्या मुलाने स्वतःचं नाव घ्यायचं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. कधी वाटतं, भित्रा मी होतो, शाळेला का दोष देतोय? कधी वाटतं, अभ्यासात मागे पडलेल्या मुलाकडून नेमकं त्याला येत असलेलंच काढून घ्यायचं, ही कसली शिक्षा? दोन्ही वाटतं, अजूनही.

मुलगा आता सातवीत आहे. त्याच्या शाळेत व्हायोलिन नाही, म्हणून रविवारी मीच शिकवतो. हात चांगला आहे त्याचा. पण शेजारी बसून वाजवणारं त्याला कोणी नाही.