निळ्या रेघेवर दोन दिवस

आमच्या गावातून उत्तरेला पाहिलं की एक निळी रेघ दिसते. पावसानं आभाळ धुतलं की गडद होते, उन्हाळ्यात धुळीत पुसून जाते. लहानपणी मी तिला ढगच समजायचो. आजीनं एकदा टोकलं, "ढग नोय रे तो, गाविलगडचा डोंगर हाय." त्यानंतर चाळिशी आली, तरी त्या रेघेवर पाय काही पडला नाही. चिखलदरा आम्हाला तसा जवळ, पण शाळेची सहल आमच्या वर्षी नेमकी शेगावला गेली, आणि पुढं दर पावसाळ्यात "या वर्षी जाऊ" म्हणता म्हणता सोयाबीन काढायला यायचं.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघालोच. बैलं मोकळी, आम्हीही मोकळे. चौघं होतो: जिल्हा परिषदेचे मास्तर, कृषी केंद्रवाला डाक्टर (पिकाला औषध लिहून देतो म्हणून डाक्टर, बाकी डिग्री-बिग्री काही नाही), गावभराचा मामा आणि मी. चौघांपैकी एकानंही आयुष्यात डोंगर चढलेला नव्हता. दर्यापूर तालुक्यात सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी.

एसटीच्या स्टँडवर मामा आला तो हातात दहा लिटरची पाण्याची कॅन घेऊन.

"अबे मामा, हे कायले?"

"पाणी नाई भेटलं तं?"

हसलो, पण हसण्यासारखं नव्हतं ते. आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच. त्या पाण्यानं ओलीत करावं तर जमीन बिघडते, प्यावं तर पोट. आता नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, तरी माझ्या पिढीतल्या कोणालाही विचारा, पाव्हण्याच्या गावी गेल्यावर पहिला प्रश्न "पाणी गोडं हाय का?" हाच असायचा. मामा त्या सवयीचा माणूस. कॅन एसटीत चढली.

अंजनगाव, पथ्रोट करत परतवाडा. तिथल्या स्टँडसमोर तर्री पोहे खाल्ले, आणि पुढचा प्रवास काळीपिवळीत. परतवाड्यापर्यंत जमीन अशी सपाट की पोळपाट. धामणगाव गढी सोडली आणि समोर एकदम भिंत उभी राहिली. हळूहळू चढत जाणारा डोंगर नाही हा. मास्तरांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं की इथं जमिनीला मोठी भेग आहे, तिला भ्रंश म्हणतात, दक्षिणेची बाजू खचली, उत्तरेची वर राहिली, आणि त्या खचलेल्या खोलगटात पूर्णेनं गाळ भरला. "म्हंजे आपण खड्ड्यात राह्यतो," डाक्टर म्हणाला. मास्तर म्हणाले, "गाळात." त्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

घाटात खिडकीबाहेर साग, आणि सागाच्या मधून ढग. सुमारे 1,100 मीटरवर चिखलदरा. उतरलो तेव्हा दहा पावलांवरची टपरी दिसत नव्हती. मामानं स्वेटर आणलं नव्हतं, कारण भाद्रपदात स्वेटर घालतात हेच त्याला पटत नव्हतं. शेवटी त्यानं पोळ्याला घेतलेला नवा दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि दोन दिवस तसाच फिरला.

पहिल्या दिवशी पाहिलेल्या पॉइंटांची यादी मी देत नाही, ती कोणीही देईल. खरं म्हणजे धुक्यात बरेचसे पॉइंट सारखेच दिसतात: एक कठडा आणि पुढं पांढरा पडदा. भीमकुंडावर मात्र पडदा हलला. भीमानं कीचकाला मारलं ते इथं, त्याला दरीत फेकलं आणि हात या कुंडात धुतले, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा, अशी कथा. मी कथा विसरून नुसता खाली पाहत राहिलो. दरी पाहायची सवय नसलेल्या माणसाच्या पोटात जे होतं ते शब्दांत सांगता येत नाही. विहिरीत डोकावतो तसं वाटतं, फक्त विहिरीला दुसरा काठ असतो.

पंचबोलला आवाज पाच वेळा परत येतो म्हणतात. डाक्टर कठड्याला धरून ओरडला, "सोयाबीनचा भाव काय?" दरीतून उत्तर आलं, "काय... काय... काय..." आम्ही पाच मोजायच्या आधीच हसून बसलो. शेजारीच कॉफीचा मळा. कॉफी महाराष्ट्रात पिकते हे डाक्टरला माहीत नव्हतं. तो झाडाच्या पानांवर कीड शोधत बसला.

संध्याकाळी देवी पॉइंट. कातळाच्या पोटात देवी, आणि वरच्या कातळातून ठिबकणारं पाणी. टप टप टप, देवळात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर. पुजाऱ्याशेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, हे चंद्रभागेचं पाणी.

"कोणची चंद्रभागा?" मी विचारलं.

"खाली जाते ते. दर्यापूरले."

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. भूगोलाच्या पुस्तकात होतंच की चंद्रभागा या डोंगरात उगम पावते आणि पुढं पूर्णेला मिळते. पण दर्यापूरची चंद्रभागा म्हणजे माझ्यासाठी पुलाखालचा गढूळ पाट, उन्हाळ्यात तर पाटही नाही, नुसती बाभळी आणि प्लॅस्टिक. त्याच नदीनं इथं माझ्या मानेवर थेंब टाकला होता. मी ओंजळ धरली. पाणी बर्फासारखं, आणि गोडं. मामाकडे पाहिलं तर तो कॅनचं झाकण उघडावं की नाही या विचारात होता.

दुसऱ्या दिवशी गाविलगड. खरी चाल हीच. वन खात्याच्या नाक्यावर पावती फाडली. सोबत एक कोरकू आदिवासी तरुण वाटाड्या घेतला. तो रबरी चपलेत, आम्ही परतवाड्यात घेतलेल्या नव्याकोऱ्या बुटांत. पहिल्या अर्ध्या तासात बुटांनी मला चावलं, तर डाक्टर शेवाळलेल्या पायरीवरून बसल्या बसल्या चार पायऱ्या खाली गेला. उठला आणि म्हणाला, "मी मुद्दाम बसलो." त्याच्या पँटवर पडलेला हिरवा डाग पुढं सगळीकडे आमच्या आधी पोहोचत होता.

आम्ही दर शंभर पावलांना थांबत होतो. वाटाड्या थांबायचा, पण बसायचा नाही. मी त्याला विचारलं, सिपना नदी म्हणतात ती इकडंच का? तो म्हणाला, ती पलीकडं, सेमाडोहकडं. "आमच्यात सिपना म्हणजे साग." एवढंच बोलून पुढं झाला. आयुष्यभर पेपरात वाचलेल्या नावाचा अर्थ असा वाटेवर पडलेला सापडला.

गडाचे दरवाजे एकामागून एक, आणि प्रत्येकापाशी "आता आला का?" असं विचारून आम्ही वाटाड्याचा जीव घेतला. शार्दूल दरवाजावर मात्र दम विसरलो. दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी, हत्तींना पकडून धरलेला, दगडात कोरलेला. मास्तर मानेला कळ येईपर्यंत पाहत राहिले. हा गड 1425 च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहानं बांधून काढला, पुढं वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला यानं त्याची डागडुजी केली. तो मूळचा विजयनगरकडचा, म्हणून तिकडचा पक्षी इकडं आला असावा असं मास्तरांचं म्हणणं. मला ते पटलं. परक्या मुलखात घर बांधताना माणूस दारावर आपल्या गावची एक खूण ठेवतोच.

मग 1803. अडगावच्या लढाईनंतर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली इथं आला आणि 15 डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांकडून हा गड घेतला. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. त्याच्या माणसांनी उत्तरेकडून या जंगलातून तोफा ओढून आणल्या. तोफा! इथं मामाला कॅन ओढवत नव्हती. (हो, कॅन गडावरही आली. "लॉजवर कोण ठेवतं? चोरीले गेली तं?")

आत तलाव लागले. मच्छी तलाव, देवतलाव. मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो एका तलावाच्या काठावर, नावाची पाटी नसलेल्या. धुकं पाण्यावर उतरायचं, वर जायचं. काठावर तेरड्याची गुलाबी फुलं. पलीकडं पडलेली भिंत, भिंतीवर पिंपळ. डोंगराच्या डोक्यावर पाणी साठतं, आणि खाली आमच्या सपाट गाळात गोड्या पाण्याचा हंडा आणायला माझी आई दोन किलोमीटर जायची. राग कोणावर काढावा? डोंगरावर तर निघत नव्हता. चून-भाकर, ठेचा आणि कालच्या उरलेल्या पुरणपोळ्या काढल्या. चौघं अर्धा तास कोणी काही बोललं नाही, जे आमच्यात लग्नाच्या पंगतीतही होत नाही.

परत निघायच्या आधी दक्षिणेच्या तटावर गेलो. धुकं फाटलं आणि खाली सगळं वऱ्हाड पसरलं: हिरवे, काळे, पिवळट चौकोन, मधून चकाकणारं धरणाचं पाणी. आपलं गाव कोणतं यावर भांडण झालं. मामा म्हणाला, ते टाकी दिसते ना तेच. मास्तर म्हणाले, ते अंजनगावही नाही, इतक्या दूरचं दिसणारच नाही. मी दोघांचंही ऐकलं नाही. खाली कुठल्यातरी शेतात कोणी पोरगं उत्तरेकडं पाहत असेल आणि आम्ही त्याच्या निळ्या रेघेत उभे असू, एवढंच डोक्यात होतं.

वाटाड्यानं घड्याळाकडं बोट दाखवलं. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, उजेड असेतो बाहेर पडायचं. उतरताना पिंढऱ्या थरथरत होत्या. चढण्यापेक्षा उतरणं सोपं असं ज्यानं सांगितलं त्याचे गुडघे वेगळे असावेत.

वाटेतल्या मोथा गावात खवा घेतला. त्याआधी देवी पॉइंटवर मामानं एक काम केलं होतं. दर्यापूरहून आणलेलं, दोन दिवस डोंगरभर वागवलेलं ते पाणी त्यानं झाडाच्या मुळाशी ओतलं आणि कॅन ठिबकणाऱ्या पाण्याखाली धरली. भरायला बराच वेळ लागला. आम्ही कोणी घाई केली नाही.

गावात पोचलो तेव्हा रात्रीचे दहा. त्यातला एक तांब्या मी आजीसमोर धरला. वय नव्वदीच्या आसपास, पाणी प्यायची ती अजून दोन्ही हातांनी तांब्या धरून. प्यायली, तोंडात घोळवलं, गिळलं.

"कुठचं हाय?"

"डोंगराचं. ते निळं दिसते ना, तिथचं."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"अळणी हाय रे," म्हणाली, आणि माठातलं मागितलं.