१९५९ची नागपूर पोटनिवडणूक

नागपूरच्या लोकसभा निवडणुकांचा विषय निघाला की आपण नागपूरकर बहुधा १९७१ साली विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोटे निवडून आले तेथून सुरुवात करतो आणि १९५९च्या पोटनिवडणुकीपर्यंत पोहोचतच नाही. अनसूयाबाई काळे यांच्या निधनामुळे ही जागा रिकामी झाली होती. १९४२च्या आंदोलनातील आष्टी-चिमूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी धडपडणाऱ्या अनसूयाबाईंनी १९५२ आणि १९५७ अशा दोन्ही निवडणुका काँग्रेसतर्फे जिंकल्या होत्या, त्यामुळे हा मतदारसंघ पक्षाला हक्काचा वाटत असल्यास नवल नव्हते.

पण दरम्यान शहराचे बरेच काही गेले होते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली; ती बाजूला सारून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्यात घालण्यात आला आणि तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेवढे उरले. राजधानी जाणे म्हणजे सचिवालयाबरोबर बाबूंच्या बदल्या, वकिलांची अशिले आणि सीताबर्डीच्या बाजारपेठेतील गिऱ्हाईकही जाणे, हे भाषावार प्रांतरचनेच्या तात्त्विक चर्चेत सहसा येत नाही.

अशा वेळी विदर्भवाद्यांच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून उभे राहिले ते लोकनायक बापूजी अणे. वणीत १८८०मध्ये जन्मलेले, १९३०च्या जंगल सत्याग्रहाचे पुढारी, १९३३मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, पुढे बिहारचे राज्यपाल! ऐंशीच्या उंबरठ्यावरील अशा माणसाला काँग्रेसद्रोही म्हणणे कठीणच होते, आणि माझ्या मते विदर्भवाद्यांची खरी हुशारी या निवडीत होती. अणे निवडून आले.

मला यातील विरोधाभास फार महत्त्वाचा वाटतो. १९५७मध्ये पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला धडा शिकवला तो संयुक्त महाराष्ट्र दिला नाही म्हणून, तर दोनच वर्षांनी नागपूरने शिकवला तो नेमक्या उलट कारणासाठी, म्हणजे स्वतंत्र विदर्भ दिला नाही म्हणून. केंद्रातले सरकार पडण्याचा प्रश्न नसल्याने मतदाराला मन मोकळे करणे सोपे गेले असेल, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. पण महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर, १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीतही नागपूरने पुन्हा अणे यांनाच लोकसभेत पाठवले, तेव्हा ती केवळ पोटनिवडणुकीची लहर नव्हती असेच म्हणावे लागते.