हात आपोआप त्याच पुड्याकडे का जातो

वाण्याकडे बिस्किटांसमोर उभं राहिलं की कितीतरी कंपन्यांचे चकचकीत पुडे दिसतात, पण नजर जाते ती पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरच. चव वगैरे नंतर आठवते, आधी पुडा ओळखीचा वाटतो. मला तर वाटतं रोजच्या वस्तूंमध्ये आपण ब्रँड निवडतच नाही, घरात लहानपणापासून जे दिसत आलं तेच उचलतो.

पार्ले-जीचंच बघा ना. आधी ते पार्ले ग्लुको होतं, मग ऐंशीच्या दशकात नाव बदललं, मेणकागद जाऊन प्लॅस्टिक आलं, विलेपार्ल्याचा जुना कारखानासुद्धा 2016 ला बंद झाला. पण ती छोटी मुलगी आणि ते पट्टे तसेच, म्हणून कुणाला काही बदलल्यासारखं वाटलंच नाही. मेणकागदाचा पुडा एकदा उघडला की घडी परत नीट बसायची नाही, मग आई त्याला रबर लावून डब्यात ठेवायची आणि तळाशी राहिलेला चुरा आम्ही बशीतल्या चहात टाकून चमच्याने खायचो. आता पाच रुपयांच्या पुड्यातलं वजन कमी होत गेलंय हे सगळ्यांना माहितीये, तरी राग येत नाही. वेष्टनाची ताकद म्हणतात ती हीच.

आणि ज्या वस्तूचा डबा ती वस्तू संपल्यावरही घरात राहिला ना, ती तर कायमचीच डोक्यात बसली. डालडाचा तो पिवळा डबा, त्यावरचं हिरवं झाड, आतलं तूप संपलं की स्वच्छ धुऊन त्यात तांदूळ भरायचे नाहीतर खाली भोक पाडून तुळस लावायची. कॅम्लिनच्या कंपासपेटीचं पण तेच, शाळा संपली की त्यात सुया, बटणं, दोऱ्याची रिळं. दांडेकरांनी 1931 ला सुरू केलेली कंपनी, 2011 ला जपानच्या कोकुयोकडे मोठा हिस्सा गेला, पण पोराला कंपास घ्यायला गेले की अजून तोंडातून कॅम्लिनच निघतं, दुसरी पेटी हातात घ्यावीशीच वाटत नाही. मोती साबण वर्षातून एकदाच येतो, अभ्यंगस्नानाला, पण तो गोल जाडजूड साबण खोक्यातून काढल्याशिवाय मला दिवाळी आल्यासारखी वाटत नाही.

हल्ली नवीन ब्रँड मुद्दाम जुन्यासारखं पॅकिंग करतात, खाकी कागद, सुतळी, वर आजीचं चित्र. दिसायला छान असतं आणि एकदा घेतलंही जातं, पण दुसऱ्यांदा हात तिकडे जात नाही कारण त्या पाकिटाशी आपल्या घरातलं काहीच जोडलेलं नसतं. ते जोडलं जायला वर्षं जावी लागतात, एखादा डिझायनर बसवून ते होत नाही.

मोठ्या कंपन्यांना हे बरोबर कळलंय. मालेगावजवळच्या रावळगावच्या गोळ्या आठवतात? पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक! 2024 ला रिलायन्सने ते ब्रँड 27 कोटींना घेतले, त्याआधी कॅम्पा कोला पण घेऊन परत बाजारात आणला. नवी गोळी तर कुणीही बनवू शकतं, पैसे मोजले ते लोकांच्या आठवणीतल्या नावाचे. म्हणून अगदी मनापासून वाटतं की आता त्या गोळ्यांचे कागद एकदम बदलू नका, बदलायचेच असतील तर पार्ले-जीने केलं तसं करा, कागदाचं प्लॅस्टिक झालं तरी चालेल पण लांबून बघून ओळखता आलं पाहिजे.