रातकिडा पायाने गात नाही

रातकिडा पाय एकमेकांवर घासून किरकिरतो असं खूप जण अजूनही सांगतात आणि मला ते दरवेळी खोडून काढावंसं वाटतं. पाय वापरतात ते नाकतोडे, मागचा पाय पंखावर घासून. रातकिड्याचं सगळं काम पुढच्या दोन पंखांवर चालतं. एका पंखाच्या खालच्या बाजूला बारीक दात्यांची शीर असते, कानशीसारखी, तिच्यावरून दुसऱ्या पंखाची कडक कड घासली की पंखाचा पातळ भाग थरथरतो आणि आवाज एवढा मोठा होतो. गातात जवळपास फक्त नर. लांबच्या मादीला बोलवायचं गाणं वेगळं, ती जवळ आली की हळू आवाजातलं वेगळं आणि दुसरा नर आडवा आला की भांडणाचं अजून वेगळं.

आणि कान कुठे, तर पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली! दोन्ही पायांतले कान शरीराच्या आतून हवेच्या नळ्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे पडद्यावर आवाज बाहेरूनही येतो आणि आतूनही, आणि त्या दोन्हीतल्या फरकावरून एवढ्याशा मादीला नर कुठल्या दिशेला आहे ते बरोबर कळतं. मला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट म्हणजे नर स्वतः एवढ्या जोरात गातो तरी त्याचे कान बधिर होत नाहीत, कारण त्याच्या मज्जासंस्थेत एक खास न्यूरॉन आहे जो बरोब्बर त्याच्या आवाजाच्या क्षणापुरतं ऐकणं दाबून ठेवतो आणि मधल्या गॅपमध्ये त्याला बाहेरचं नीट ऐकू येतं. इतक्या छोट्या जिवात एवढी व्यवस्था!

तापमानाचं तर माहीत असेलच, थंडी वाढली की किरकिर मंदावते कारण कीटकांचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं. आमोस डॉल्बेअर या अमेरिकन फिजिक्सवाल्याने १८९७ मध्ये याचा फॉर्म्युलाच मांडला. सेल्सिअससाठी सोपा करून सांगायचा तर ८ सेकंदांत किती वेळा किरकिर होते ते मोजा आणि त्यात ५ मिळवा. पण हा आकडा सगळ्या जातींना लागू नाही, प्रत्येक जातीचा वेग वेगळा.

मादी गात नाही, तिच्या मागे सुईसारखी लांब नळी दिसते, ती ओल्या मातीत खुपसून ती अंडी घालते (झाडांवर राहणाऱ्या जाती फांदीत वगैरे). पिल्लं मोठ्यांसारखीच दिसतात फक्त पंख नसतात, कात टाकत टाकत वाढतात आणि शेवटची कात टाकली की मगच पूर्ण पंख. म्हणजे गाणं फक्त मोठेपणी.

आणि ते गाणं जिवावरही बेततं. ऑर्मिया नावाची एक माशी आहे, ती हेच गाणं ऐकत नर शोधते आणि त्याच्यावर अळ्या सोडते, त्या आत शिरून त्याला आतून खातात. हवाईतल्या काउआई बेटावर या माशीमुळे इतकं झालं की जेमतेम वीसेक पिढ्यांत बहुतेक नरांचे पंख सपाट झाले, आवाजच निघत नाही. माशीपासून वाचले, पण मादीला बोलवणार कसं? तर ते जे थोडे गाणारे उरलेत त्यांच्या आसपास जाऊन थांबतात आणि गाणं ऐकून येणाऱ्या मादीला मध्येच गाठतात. विशेष म्हणजे हे मुके नर पंख अजूनही तसेच हलवतात!

याच्या अगदी उलट झाडावरच्या काही रातकिड्यांचं, ते पानाला कुरतडून भोक पाडतात आणि त्यातून डोकं काढून गातात, एरवी पंखाच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळून विरतो, ते पान अडवतं आणि त्यामुळे गाणं जास्त मोठं होऊन लांब जातं. यातही हे करणारे बहुतेक आकाराने लहान, मुळात हळू आवाजाचे नर असतात, दणकट नरांना त्याची फारशी गरजच पडत नाही.